नाणेघाटाच्या अंकांपासून खोडदच्या ग्राफिक्स प्रोसेसरपर्यंत

१/ जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यालगत घाटघर आहे. शेजारीच नाणेघाट, आणि तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची मोजदाद त्यात ब्राह्मी अंकांत कोरलेली आहे. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत तिची गणना होते.

२/ त्याच तालुक्याच्या पूर्व भागात, नारायणगावजवळ खोडद. तिथेही अखंड आकडेमोडच चालते, फक्त ती आकाशाची असते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संगणकाचा इतिहास गेमिंगसाठी पीसी जुळवणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल. एकाच कामाला जखडलेले यंत्र बाजूला ठेवायचे आणि बाजारातले सुटे भाग आणून, बेताच्या खर्चात, आपल्याला हवे तसे यंत्र उभारायचे, असाच तो आहे.

३/ काटकसर या दुर्बिणीच्या पायातच आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वजन आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोर ताणून त्यांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली. जाळीची भोके एक-दोन सेंटीमीटरची; येणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी त्याहून कितीतरी मोठी. त्यामुळे लहरी परावर्तित होतात आणि वारा मात्र आरपार निघून जातो.

४/ पण अँटेना हा अर्धाच भाग. १४ अँटेना मध्यवर्ती चौकात आहेत आणि १६ अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात तीन भुजांवर पसरल्या आहेत. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एका इमारतीत येतात. एकटी अँटेना सूक्ष्म चित्र देऊ शकत नाही. प्रत्येक अँटेनाचा संकेत उरलेल्या प्रत्येकीच्या संकेताशी गुणावा लागतो. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार शेकडो वारंवारता-पट्ट्यांत, क्षणाक्षणाला. हे काम करणारे यंत्र म्हणजे कोरिलेटर.

५/ पहिला कोरिलेटर याच कामासाठी घडवलेल्या चिपांचा होता. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झची पट्टी तो हाताळत असे. त्याने काम चोख केले. पण पद्धत बदलायची म्हटले की पाटीच बदलायची वेळ येई.

६/ जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात या नव्या यंत्रणेचे वर्णन आहे: बाजारात मिळणाऱ्या ४८ संगणकांचा लिनक्स समूह, संकेतांचे आकड्यांत रूपांतर करणारी पीसीआय कार्डे आणि संगणकांना जोडणारे गिगाबिट नेटवर्क. घरच्या पीसीत जोडकार्डे खाचेत बसतात, तशीच खाचेत बसणारी ही कार्डे.

७/ खरी करामत भागांत नव्हती. तीच सामग्री कोणालाही विकत घेता आली असती. कॅशेचा नेमका वापर, एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड, एका आदेशात अनेक संख्यांवर क्रिया, अशा रीतीने प्रोग्रॅम पिळून काढल्यावरच ते संगणक आकाशाच्या वेगाने चालू शकले. शिवाय आता प्रोग्रॅम बदलला की उपकरणच बदलत असे. माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट गाळण्याची नवी पद्धत सुचली, तर ती सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येऊ लागली.

८/ पुढची पायरी अधिक अवघड होती. अद्ययावत जीएमआरटीसाठी पट्टी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर न्यायची होती, म्हणजे बारापटीहून अधिक. साध्या प्रोसेसरांना हा भार पेलणारा नव्हता. इथे ग्राफिक्स प्रोसेसर उपयोगी पडला. पडद्यावरच्या लाखो बिंदूंचे रंग काढताना तो एकसारखे गणित एकाच वेळी असंख्य ठिकाणी करतो. ४३५ जोड्यांचे गुणाकारही त्याच जातीचे. जगभरच्या गेम खेळणाऱ्यांनी या चिपांची बाजारपेठ वाढवली आणि खगोलशास्त्राला आयतीच गणनशक्ती मिळाली, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

९/ मात्र खोडदमध्ये गेमिंग कार्डे बसवली, ही समजूत चुकीची आहे. वापरली ती एनव्हिडियाची गणनेसाठीची टेस्ला कार्डे. शिवाय ग्राफिक्स प्रोसेसरांच्या आधी एफपीजीए पाट्या संकेतांची पहिली हाताळणी करतात. ही यंत्रणा संकरित आहे. पण त्या पिढीच्या टेस्ला कार्डांतली चिप आणि २०१३ च्या महागड्या गेमिंग कार्डांतली चिप एकाच घराण्यातली होती, हेही खरे.

१०/ या खटाटोपाचे फळ जून २०२३ मध्ये दिसले. इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरेने अद्ययावत जीएमआरटीवर १४ पल्सारांच्या ठोक्यांची सुमारे साडेतीन वर्षे नोंद ठेवली होती. या नोंदी युरोपीय गटाच्या दीर्घकालीन नोंदींशी जोडल्या गेल्या आणि विश्वात पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे संकेत हाती आल्याचे जाहीर झाले. कमी वारंवारतेची रुंद पट्टी इथे मोलाची ठरली. ताऱ्यांमधल्या वायूमुळे ठोक्यांना होणारा उशीर तिच्यामुळे नेमका मोजता येतो.

११/ या साऱ्या काळात ग्राहक यंत्रणा बदलल्या, संगणक बदलले, प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहिले गेले. शेतांमधल्या तीस अँटेना मात्र त्याच आहेत, दोर आणि जाळीच्या. गेमरच्या भाषेत सांगायचे तर कॅबिनेट जुनेच आहे.