अटलांटिकपार, गाईसकट

४ जुलै १८४० रोजी क्युनार्ड कंपनीची पहिली आगबोट ‘ब्रिटानिया’ लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाली. लाकडी सांगाडा, दोन्ही बाजूंना फिरती चाकं आणि वारा साथ देईल तेव्हा शिडंही. खरा मान मात्र टपालाच्या थैल्यांचा. सरकारी कंत्राट त्यांचंच होतं. प्रवाशांच्या ताज्या दुधासाठी डेकवर गाय बांधलेली असे! हॅलिफॅक्स गाठायला बारा दिवस लागले, मग बोस्टन.

जानेवारी १८४२ मध्ये याच बोटीवर चार्ल्स डिकन्स सपत्नीक चढला. केबिन एवढी चिंचोळी, की ट्रंका दारातून आत जाईनात. गादी पातळ, समुद्र खवळलेला. लाटांनी जीवरक्षक होडीचा चुरा केला. पुढे प्रवासवर्णनात त्याने या सगळ्याची यथेच्छ टिंगल केली. परतताना मात्र त्याने मुकाट्याने शिडाचं जहाज पकडलं.

१८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, त्याही अटलांटिक ओलांडूनच.

१९५८ साली या मार्गावर जेट विमानं आली आणि बोटींची सद्दी संपली. आज ‘क्वीन मेरी २’ ही बोट हाच प्रवास साधारण सात रात्रींत, मुद्दाम सावकाश करते. न्यूयॉर्ककडे जाताना बहुतेक रात्री घड्याळ तासभर मागे सरकतं आणि झोपेची चंगळ होते. परतीला तेच तास एकेक करून कापले जातात.