11 मे 330 : बायझँटियम झाले राजधानी

मेगारा या ग्रीक नगरराज्याच्या वसाहतकारांनी बॉस्फरसच्या, म्हणजे युरोप व आशिया यांना विभागणाऱ्या सामुद्रधुनीच्या काठी वसविलेल्या बायझँटियम नगराचे 11 मे 330 रोजी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नवी राजधानी म्हणून विधिपूर्वक उद्घाटन केले. प्राचीन ग्रीक वाङ्मय आज वाचता येते ते बहुतांशी येथील नकलाकारांनी शतकानुशतके उतरविलेल्या हस्तलिखितांमुळे, आणि हे ऋण फार मोठे आहे. नगराचा दंतकथेतील संस्थापक बायझास हा समुद्रदेव पोसायडनचा पुत्र मानला जाई. त्याच पोसायडनची, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली, वीतभरही उंच नसलेली दाढीधारी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचे भूषण असून, सातवाहनकालीन करवीर परिसराच्या भूमध्य सागराकडील व्यापारसंबंधांचा ती ठसठशीत पुरावा होय.