निकालाचा पेपर

१९७५च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात दहावीची पहिली एस.एस.सी. झाली; त्याआधी शालान्त परीक्षा अकरावीला असे. मी त्या पहिल्या तुकडीतला. आमच्या चोपडा गावाला रेल्वे नाही. त्यामुळे निकालाचा पेपर तापी ओलांडून एस.टी.नेच यायचा. त्यात नावं नसत, फक्त बैठक क्रमांक. नंबर दिसला नाही की नापास. स्टँडवर एका पेपरवर दहा डोकी वाकलेली, म्हणजे गावासमोरच फैसला.

आमच्या थोरल्या भावाचा नंबर त्याआधी एकदा सापडला नव्हता. वडील कपाशीच्या पेरणीच्या गडबडीत होते. त्यांनी पेपर घडी करून खिशात घातला आणि एवढंच म्हणाले, “पहिले जेवी ले.” दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेच्या फॉर्मचे पैसे काढून दिले. त्या काळचे बाप पोराला जवळ घेत नसत. त्यांची माया अशी फीच्या नोटांतून दिसे.

पुढे निकाल संगणकावर आला, मग मोबाइलवर. चारचौघांतली नाचक्की कमी झाली. २०१५पासून नापासांची फेरपरीक्षा जुलैमध्येच होऊ लागली आणि वर्ष वाचण्याची सोय झाली. आता टक्क्यांची चौकशी करणारे फोन घरात येतात. निकालाच्या दिवशी ते आईबापांनी घ्यावेत, पोराच्या हातात देऊ नयेत.