परसातला पावटा आणि बक्षिसाचा कोबी

दिवाळीला रहिमतपूरला गेले तेव्हा पिशवीत मोजायची टेप होती. नवी गाडी घेतली होती आणि ती गल्लीत उभी करायला नको म्हणून घरामागच्या परसात पेव्हर ब्लॉक घालायचे, वर पत्र्याची शेड टाकायची, असा माझा बेत होता. परस म्हणजे कुंपणावर चढलेला पावटा, चार वांग्याची झाडं, मेथीचा वाफा, कढीपत्ता आणि भिंतीलगत शेवंती. मी टेप लावून लांबी-रुंदी टिपून घेतली. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "एवढी भोगी होऊ दे. मग टाक काय टाकायचं ते."

तिचं म्हणणं मला तेव्हा नुसता हट्ट वाटला. भोगीच्या भाजीला लागणारा पावटा बाजारात मिळतोच की!

पण थंडीत आमच्या गल्लीत एक व्यवहार चालतो. लहानपणापासून बघत आले, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. सात-आठ घरच्या बायका दुपारची भांडी आटोपली की कुणाच्या तरी परसात जमतात. एकीकडची शेवंतीची रोपं दुसरीकडे जातात, दुसरीकडची मिरचीची रोपं तिसरीकडे. पावट्याच्या वाळलेल्या शेंगा सोलून, बी राखेत घोळवून डब्यात ठेवलं जातं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यात अलीकडे प्लास्टिकच्या डब्यांऐवजी रोपांचं वाण लुटायची पद्धत आली आहे. या सगळ्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. साधा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा नाही.

जिला नाव आहे अशी संस्था मला पुण्यात भेटली. जानेवारीच्या अखेरीला मैत्रिणीबरोबर एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले. डेलिया, पिटुनिया, बोन्साय, जपानी पुष्परचना, चित्रकला स्पर्धेला आलेली मुलं आणि सेल्फी काढणारे आम्ही. ही बाग सांभाळणारी संस्था म्हणजे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. तिची स्थापना 1830 सालची. मला वाटलं होतं, हा निवृत्त लोकांचा छंद असेल. हे तर पेशवाई बुडाल्यानंतर बारा वर्षांतलं काम निघालं. घरी येऊन वाचायला बसले.

हिच्याही आधीची संस्था कलकत्त्याची. 1820 मध्ये विल्यम कॅरी या मिशनऱ्याने ती सुरू केली. हा कॅरी आपल्या ओळखीचा आहे. 1805 मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मराठी कोश. कोशाच्या कामात वैजनाथ पंडितांची मदत होती, हे मात्र आपण चटकन विसरतो. त्याच कॅरीच्या संस्थेने भाज्यांच्या स्पर्धा घेतल्या. कोबी, फ्लॉवर, बटाटा, वाटाणा पिकवून आणणाऱ्या देशी माळ्यांना रोख बक्षिसं दिली जात. साहेबांच्या ताटातली भाजी देशी वाफ्यात यावी हा उघड हेतू होता, आणि ती पिकवणारे हात माळ्याचे आहेत हेही संस्थेला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडची गोष्ट तर साताऱ्याच्या वाटेनेच जाते. 1827 ते 1830 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता जॉन माल्कम. त्याच काळात महाबळेश्वर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून घेऊन, बदल्यात खंडाळा गाव देऊन, तिथे थंड हवेचं ठाणं वसवलं गेलं. तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी होते. हा तुरुंग 1864 पर्यंत चालला. डोंगरावर युरोपीय भाज्या आणि बटाटे पिकवणाऱ्यांत हे कैदी होते. माल्कमचं नाव तिथल्या पेठेला मिळालं. समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेल्या या माणसांची नावं मात्र आज कुणाच्या तोंडी नाहीत.

या भाज्यांसाठी एवढा आटापिटा का? कारण त्या थंडीच्या. आपल्याकडे त्यांना जेमतेम चार महिने मिळतात. बी इंग्लंडहून जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून यायचं. दमट हवेत कितीतरी बी उगवणशक्ती गमावून बसे. शिवाय कोबीला बी धरायला कडाक्याची, लांब थंडी लागते. सपाटीवर गड्डा येतो, बी येत नाही. म्हणजे दरवर्षी बी विकत घ्यायचं आणि दरवर्षी जहाजाची वाट बघायची.

फ्लॉवरचं तसं झालं नाही. 1822 मध्ये तो भारतात आला असं फळभाज्यांची पाठ्यपुस्तकं सांगतात. पुढची शंभरेक वर्षं उत्तरेतले माळी आणि शेतकरी उन्हात तग धरणाऱ्या, लवकर गड्डा देणाऱ्या झाडांचं बी राखत गेले. एका थंडीचं बी पुढच्या थंडीला, असं करत एक नवीच जात तयार झाली. 1929 च्या सुमारास सटन या बियाण्याच्या कंपनीने 'अर्ली पाटणा', 'अर्ली बनारस' अशा नावांनी ती विकायला काढली. वाणाला शहराचं नाव मिळालं, पाकिटावर कंपनीचं नाव आलं आणि बी राखणाऱ्यांपैकी एकाचंही नाव उरलं नाही. मी रोज सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे कोडची एक ओळ बदलली तरी कुणी बदलली, कधी बदलली, याची नोंद राहते. शंभर वर्षांच्या या बदलाची तशी एकही नोंद नाही.

मग आमच्या गावातला पाण्याचा मनोरा आठवला. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याची कबर रहिमतपुरात आहे. तिथल्या मशिदीतलं कारंजं उडावं म्हणून पाणी उंच चढवायला हा मनोरा बांधला, शेजारी उतरणही केली. शाळेच्या सहलीत आम्हाला सरदाराचं नाव पाठ करायला लावलं होतं. त्या उतरणीवर दिवसभर मोट कोण हाकत होतं, असं आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

आता यावरून क्लब वाईट आणि गल्ली चांगली, असा निकाल मी लावणार होते. पण तो टिकला नाही. कलकत्त्याच्या संस्थेने नोंदी ठेवल्या, म्हणून तर माळ्यांना बक्षिसं मिळत हे आज आपल्याला कळतं. आमच्या गल्लीने काहीच लिहून ठेवलेलं नाही. आणि दुसरी गोष्ट आईला फोन केल्यावर कळली.

मी विचारलं, "आपला पावटा मूळ कुणाकडचा गं?"

"कोपऱ्यावरच्या मावशींकडचा. तुझ्या जन्माच्या आधीचं बी आहे ते. गल्लीत सगळ्यांकडे त्यांचंच."

या मावशींना मी एकाही हळदीकुंकवाला पाहिलेलं नव्हतं. काका वारले तेव्हापासून त्यांना बोलावणं जात नाही. भोगीच्या दिवशी सात-आठ घरांत त्यांच्या पावट्याची भाजी शिजते आणि वाण लुटताना त्याच नसतात. साहेबांच्या क्लबाचे दोष मी दोन रात्री जागून काढले होते. आमच्या क्लबाचा दोष माझ्या डोळ्यांसमोर सत्तावीस वर्षं होता.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपलं हळदीकुंकू रविवारी आहे. तू येणारेस का? तूच जा बोलवायला. मी गेले तर त्या नाही म्हणतील."

शनिवारी गेले. मावशी आधी नकोच म्हणाल्या. "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "पावट्याचं कसं करायचं ते सगळ्यांना सांगायचंय तुम्हाला." त्या आल्या. दारातच थांबल्या, मग आईने हात धरून आत नेलं. दोघी बायका जरा लवकर उठून गेल्या, ते सगळ्यांना दिसलं. बाकीच्या बसल्या. वाण म्हणून आईने कागदाच्या पुड्यांत पावट्याचं बी दिलं. प्रत्येक पुडीवर मी मावशींचं नाव आणि साल लिहिलं होतं. मावशींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "साल चुकलंय. हे बी मी लग्नात माहेरून आणलं होतं. आईकडचं आहे ते."

मग उरलेल्या पुड्यांवर त्यांच्या आईचंही नाव घातलं.

गाडी गल्लीतच उभी असते. टेप आईने परसातल्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. वेलाला मांडव किती लांब लागेल, ते मोजायला.