अळवावरचें पाणी आणि मोटारीवरचें पाणी

पावसाळ्यांतल्या एखाद्या पहांटे वाशीच्या भाजीबाजारांत जाऊन उभे राहा. १९९६ सालीं मुंबईचा घाऊक भाजीबाजार खाडी ओलांडून येथें आला. कृषि उत्पन्न बाजार समिती हें नांव लांबलचक. म्हणून लोकांच्या तोंडीं 'एपीएमसी मार्केट' हेंच रुळलें आहे. गाळ्यापुढें अळवाच्या जुड्यांची रास आहे, पलीकडे एखाद्या व्यापाऱ्याची नुकतीच लेप दिलेली मोटार. पावसाची एक सर येऊन जाते. पानावर मोत्यासारखे थेंब आणि मोटारीच्या टपावरहि तसेच थेंब! पाहणारा म्हणेल, दोहोंची करामत एकच. पण जुडी उचलतांच पानावरचा थेंब घरंगळून जातो, मागें ओलसरपणाहि ठेवीत नाहीं. टपावरचा थेंब मात्र ठाण मांडून बसलेला असतो.

आपल्या भाषेनें 'अळवावरचें पाणी' म्हटलें तें क्षणभंगुर गोष्टीला. थेंबाच्या गोलाईकडे नव्हे, तर त्याच्या न टिकण्याकडे आपल्या पूर्वजांचें लक्ष गेलें, हें मला मोठें मार्मिक वाटतें. कारण शास्त्राचें लक्ष आधीं गोलाईकडे गेलें.

१८०५ सालीं टॉमस यंग या इंग्रज वैद्यानें असें प्रतिपादिलें कीं, घन, द्रव आणि हवा जेथें एकत्र मिळतात, तेथें थेंबाच्या कडेचा कोन त्यांच्या सीमांवरील ताणांनीं ठरतो. स्वच्छ कांचेवर पाणी पसरतें, कोन लहान होतो; मेणावर तें अंग आंखडून घेतें आणि कोन काटकोनाहून मोठा होतो. मोटारीच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें याच तत्त्वावर चालत आलीं: प्रथम ब्राझीलमधील कार्नोबा ताडाच्या पानांवरचें मेण, पुढें सिलिकोन आणि आतां ज्याला 'सिरॅमिक' म्हणतात तो सिलिकायुक्त लेप. द्रव्यें बदललीं, पृष्ठभाग गुळगुळीतच राहिला. आणि गुळगुळीत पृष्ठभागावर, द्रव्य कोणतेंहि असो, हा कोन सुमारें १२० अंशांपलीकडे जात नाहीं. अळवाच्या पानावर तो १५० अंशांच्या वर असतो.

पानाचें हें आधिक्य खडबडीतपणांत आहे. १९४४ सालीं कॅसी आणि बॅक्स्टर यांनीं दाखविलें कीं, पृष्ठभागावरील खांचांत हवा अडकून राहिली, तर थेंब केवळ उंचवट्यांवर टेकतो. त्याच्या तळाखालीं बहुतेक हवाच असते. १९९७ सालीं बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक कण असल्याचें विशद केलें, आणि घरंगळणारा थेंब वाटेंतली धूळहि उचलून नेतो हें सिद्ध केलें. अळूहि त्याच पंक्तींतलें.

मग मोटारच अळवासारखी कां करूं नये? अळवाच्या पानावर आंगठा जरा जोरानें घासून पाहा; त्या जागीं पाणी चिकटूं लागतें. वाढत्या पानाला पुन्हां मेण येतें, मोटारीला येत नाहीं. धूळ आणि फडकें यांना टिकेल अशी ही नक्षी करणें अवघड, म्हणून गुळगुळीत लेपावरच समाधान मानावें लागतें.

अशा लेपावर थेंब सुटेल कीं नाहीं, हें नुसत्या कोनावर ठरत नाहीं. उतारावरील थेंबाची पुढची कड फुगते, मागची ओढली जाते. त्या दोन कोनांतील अंतर जितकें कमी, तितक्या थोड्या उतारावर थेंब सुटतो. लेप विकणारा पाणी शिंपडून गोल थेंब दाखवितो; गिऱ्हाइकानें खरें म्हणजे तो किती उतारावर निसटतो हें पाहावें. धांवत्या गाडीवर वारा त्याला हुसकून लावतो. उभ्या गाडीवर तो धुळींतले क्षार विरघळवून घेतो, ऊन पडलें कीं आटतो आणि रंगावर पांढरें कडें मागें ठेवतो. अळवाच्या जुड्या तशाच टेम्पोंत चढतात; पलीकडे ड्रायव्हर फडकें घेऊन ऊन येण्यापूर्वीं टप कोरडा करीत असतो.