फुप्फुस-कर्करोगातील अंतर्क्लथन व पूर्वानुमान

फुप्फुस-कर्करोगाचा रोगी किती काळ जगेल आणि त्याच्या नीलांमध्ये (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये) गुठळी होण्याचा म्हणजे अंतर्क्लथनाचा धोका कितपत आहे, या दोन प्रश्नांचा अभ्यास स्वतंत्रपणे सुरू झाला व पुढे एकत्र आला.

आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्यांनी पॅरिस येथील व्याख्यानांत १८६५ मध्ये कर्करोग व नीलांतील गुठळ्या यांचा संबंध स्पष्ट केला. पुढे त्यांना स्वतःलाच नीलाशोथ झाला. त्यावरून त्यांनी आपल्या रोगाचे निदान ओळखले व १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. फुप्फुसरोहिणीत अडकणारी गुठळी दूरच्या नीलेतून आलेली असू शकते, हे त्याआधीच रूडोल्फ फिरखो यांनी दाखविले होते. अर्बुदकोशिकांतून बाहेर पडणारी क्लथनकारक द्रव्ये, शस्त्रक्रिया, रासायनी चिकित्सा व अंथरुणास खिळून राहणे ही या विकाराची प्रमुख कारणे होत.

आयुर्मर्यादेच्या अनुमानासाठी डेव्हिड कार्नॉफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये फुप्फुस-कर्करोगावरील औषधाच्या अभ्यासात रोग्याची कार्यक्षमता ० ते १०० अंकांत मोजली. प्येर दन्वा यांनी १९४३–५२ या काळात अर्बुद, लसीका ग्रंथी व दूरस्थ प्रसार यांवर आधारलेली अवस्था-पद्धती रचली.

आलोक खोराना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अंतर्क्लथनाच्या धोक्याचा गुणांक मांडला. कर्करोगाचे स्थान, बिंबाणू व श्वेत कोशिका यांची वाढ, हीमोग्लोबिनाची घट आणि अतिस्थूलता यांवर तो आधारलेला आहे. फुप्फुस-कर्करोगाच्या प्रत्येक रोग्यास प्रारंभीच एक गुण मिळतो. मात्र रोगाची अवस्था व ऊतकप्रकार यांत धरलेले नाहीत. त्यामुळे अशा रोग्यांतील धोक्याचा भेद या गुणांकाने पुरेसा उमटत नाही. उलट, उच्च गुणांक मृत्यूच्या अधिक प्रमाणाशी निगडित असल्याचे काही अभ्यासांत आढळले.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. विविध कर्करोगांच्या रोग्यांवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ॲपिक्साबान या क्लथनरोधकाने अंतर्क्लथनाचे प्रमाण १०·२ टक्क्यांवरून ४·२ टक्क्यांवर आले. परंतु गंभीर रक्तस्राव १·८ वरून ३·५ टक्के झाला व मृत्यू घटले नाहीत. म्हणून प्रतिबंधक औषध सरसकट न देता रोग्यागणिक धोका व लाभ तोलून निर्णय घेतला जातो.