उंची मोजायची कोणाच्या पट्टीनं?

परंडा तालुक्यातल्या सोनारीत काय किंवा पुण्यात काय, एखादं पोर वयाच्या मानानं ठेंगणं राहिलं की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "आमच्या घराण्यात सगळे असेच." पुष्कळदा ते खरं असतं. कधीकधी मात्र त्या वाक्याखाली आजार झाकला जातो. हा फरक ओळखायला वैद्यकाला बरीच वर्षं लागली, आणि त्या शोधाचा एक मोठा भाग आपल्याच राज्यात झाला.

सुरुवात मधुमेहापासून करू. लहान मुलांना होतो तो बहुधा टाइप 1. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. शंभरेक वर्षांपूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं आणि मुलं जगू लागली. पण जगणं वेगळं, वाढणं वेगळं. 1930 मध्ये फ्रान्सच्या पिएर मोरियाक यांनी दाखवलं की साखर आटोक्यात नसलेल्या मुलांची उंची खुंटते आणि यकृत मोठं होतं. म्हणजे इन्सुलिन पुरेसं मिळतंय का, हे रक्ताइतकंच उंचीही सांगते.

पण मुलाची उंची ताडून पाहायची कोणाशी? परदेशी तक्त्यावर आपली बरीच धडधाकट मुलंही 'खुजी' ठरू शकतात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये नवे तक्ते दिले. त्यासाठी मोजलेल्या सहा देशांच्या मुलांत दिल्लीची मुलंही होती. मोठ्या मुलांसाठी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातले डॉ. वामन खाडिलकर, डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या सुस्थितीतल्या मुलांची मापं घेऊन 2009 मध्ये तक्ते प्रसिद्ध केले. 2015 मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 5 ते 18 वर्षांसाठी नवे तक्ते स्वीकारले. ते बनवताना फार लठ्ठ मुलांची मापं मुद्दाम वगळली. नाहीतर वाढत्या लठ्ठपणामुळे सरासरीच वर सरकली असती आणि लठ्ठपणाच 'नॉर्मल' दिसला असता. याच पुण्याच्या गटानं टाइप 1 असलेल्या मुलांची मापं घेतली, तेव्हा ती निरोगी मुलांपेक्षा ठेंगणी भरली. मोरियाक यांचं निरीक्षण ऐंशीएक वर्षांनंतरही जुनं झालेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून चकित करणारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची 3.5 किलोंची. पण चिमटीत त्वचा धरून मापल्यावर दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं बरीच टिकलेली. वरून बारीक, आतून चरबीची! हीच मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा साधारण 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुलींची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. त्यांतले बरेच जण अंगानं बारीक होते. हा टाइप 1 नव्हे, टाइप 2 कडे जाणारा रस्ता. "आमचा तर काडीपैलवान, त्याला कसली शुगर?" या वाक्याला त्या सहा गावांनी दिलेलं हे उत्तर.

हे उत्तर एका दिवसात मिळालं नाही. आयांनी, पुढे त्यांच्या मुलांनी, वर्षानुवर्षं मापं दिली, रक्त दिलं. संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. इथं मुख्य हत्यारं होती वजनकाटा, टेप आणि चिकाटी.

त्यातली दोन तुमच्याही हाताशी आहेत. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. तुमच्या धाकट्या भावंडाला दर सहा महिन्यांनी भिंतीशी उभं करा, रेघ मारा, तारीख लिहा. वर्षभरात 4 सेंटिमीटरही वाढ नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. सारखी तहान, सारखी लघवी, एकाएकी वजन उतरणं, किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर मात्र सहा महिने थांबू नका. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.